न्हाणीतला संगमरवर

“फुगा आला बघ, फुगा! दाब लवकर!”

अक्का स्टुलावर उभी राहून ओरडत होती आणि मी खाली गुडघ्यांवर बसून, तोंडात कात्री धरून, न्हाणीच्या भिंतीला संगमरवर चिकटवत होतो. संगमरवर म्हणजे कागद. पांढऱ्यावर राखाडी शिरा असलेला, पाठीमागून चिकट, गुंडाळीने मिळणारा. अक्का माझी थोरली बहीण, निपाणीला दिलेली. तिने मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ बघितला होता. हा कागद लावला की जराही तोडफोड न करता कुठल्याही बाथरूमला पंचतारांकित हॉटेलची कळा येते, असं त्या बाईचं म्हणणं. बाईची भिंत मुळातच गुळगुळीत होती, ही गोष्ट अक्काने सोयीस्करपणे सोडून दिली होती. आमची भिंत बंबाच्या धुराने काळवंडलेली आणि जागोजागी पोपडे धरलेली. एका बाजूचा फुगा दाबला की तो दुसऱ्या बाजूला वर यायचा.

“दोन दिवस गवंडी लावला असता तर हा खेळ करायला लागला नसता,” मी कात्री तोंडातून काढून म्हणालो.

“लाव की गवंडी. आण्णा पलीकडं कान लावूनच बसल्यात.”

आण्णा म्हणजे आमचे चुलते. न्हाणीची ती भिंत त्यांच्यात आणि आमच्यात सामाईक होती. वाटणीचा दावा कोर्टात पडून होता आणि निकाल लागेपर्यंत भिंतीला कुणी हात लावायचा नाही, असा मनाई हुकूम होता. मागे एकदा मी टॉवेल अडकवायला खिळा ठोकला, तर आण्णा वकिलाला घेऊन दारात हजर झाले होते. तेव्हापासून आमच्या घरात खिळासुद्धा कुजबुजत बोलायचा विषय झाला होता. म्हणून यावेळी जे काही करायचं ते चिकटवून, टांगून नाहीतर टेकवून करायचं ठरलं होतं. आरसा वरच्या वाशाला दोरीने टांगला. त्याच्याभोवती बारक्या दिव्यांची माळ मी स्वतः फिरवली. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत माझं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान होतं, वायर आणि दिवे हा माझा प्रांत. नव्या शॉवरचा पाइप भिंतीबाहेरूनच नेला आणि त्याला सोनेरी रंग फवारला. पत्र्याचं जुनं दार तेवढं आमच्या एकट्याच्या मालकीचं होतं. ते काढून प्लायवूडचं नवं दार बसवलं, त्याला पितळी कडी लावली. जमिनीवरच्या कडाप्प्याच्या फरशीवर लाकडासारखे दिसणारे प्लॅस्टिकचे तुकडे जोडून अंथरले. कोपऱ्यात बाटलीत मनी प्लांट, कट्ट्यावर गुंडाळी केलेले पांढरे टॉवेल.

“आणि हा बंब उचल इथनं,” अक्का म्हणाली. “सगळ्या शोभंची माती करतोय.”

आई दारातच चिंच घेऊन बसली होती. “बंब हलणार न्हाई.”

“आई, अगं फाइव्ह स्टारमधी बंब असतोय व्हय?”

“नसू दे. माझ्या सासूचा हाय.” तिने चिंच लावून तो असा घासला, की संध्याकाळी त्या न्हाणीतली सगळ्यात श्रीमंत वस्तू तोच दिसायला लागला. अक्काने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे. आता असल्या जुन्या वस्तूंचीच फॅशन हाय म्हणं.”

हे सगळं का चाललं होतं, ते सांगायला हवं. माझं लग्न ठरत नव्हतं. पस्तिशी ओलांडली होती. धंदा बरा होता, व्यसन नव्हतं, दिसायला मी काही राजबिंडा नव्हतो, पण कुणी दचकावं असाही नव्हतो. आमच्याकडे आता मुलगी दाखवण्यापेक्षा मुलाचं घर दाखवण्याचा कार्यक्रम मोठा असतो. मुलीकडच्या बायका येतात, सोफ्यावर टेकल्यासारखं करतात आणि पाणी पिऊन झालं की तडक स्वयंपाकघरातून मागच्या परसात जातात. तिथे आमची न्हाणी. शेवटची जी मंडळी येऊन गेली, त्यातल्या एका बाईंनी आत डोकावून बघितलं आणि नाकाला पदर लावून बाहेर आल्या. “आमची पोरगी इथं आंघोळ करणार?” एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या, पण आईच्या समोर म्हणाल्या. त्यानंतर आई कित्येक दिवस पोटभर जेवली नाही. मी दुपारचा डबा दुकानावरच खायला लागलो, कारण घरी जेवायला बसलो की ती समोर बसून माझ्याकडे बघायची. ते बघणं सहन होत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर आईचं एक असू दे, मलाच लग्न हवं होतं. मित्रांची पोरं शाळेत जायला लागली होती. लग्नाच्या पंगतीत मला बघून माणसं आवाज खाली करायची. दुकानाचं शटर ओढल्यावर घरी जायची वाट मला लांबची वाटायला लागली होती. मी अगदी मेटाकुटीला आलो होतो. कुणी सांगितलं असतं की न्हाणीला सोन्याचा पत्रा मार, तर मी तोही मारला असता.

हे नवं स्थळ शामरावांनी आणलं होतं. शामराव आमच्या भागात लग्नं जमवतात. मुलगी कागलची, सारिका नाव, कोल्हापुरात नर्सिंगला. आईवडील नाहीत, काका-काकींनी सांभाळलेली. “काका तयार हाईत,” शामराव म्हणाले, “पण काकी घर बघितल्याशिवाय हूं म्हणायची न्हाई. आणि घर म्हंजे काय, तुला म्हाईत हाय.” मला चांगलंच माहीत होतं.

काम पूर्ण झालं आणि आईने हुकूम काढला. रविवारपर्यंत कुणी आत पाय ठेवायचा नाही, चकाकी जाईल. त्यामुळे मी दुकानामागे पाइप लावून आंघोळ उरकू लागलो आणि आई नि अक्का परसात साडीचा आडोसा करून. नव्या शॉवरखाली पाण्याचा एक थेंब पडला नव्हता. आई दिवसातून चारदा दार उघडून आत बघायची, हसायची आणि दार लोटून घ्यायची.

रविवारी मंडळी आली. काका पांढऱ्या सफारीत, काकी जरीच्या साडीत, मागे सारिका. सावळी, उंच, केस घट्ट बांधलेले. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं, तेही बसची पाटी वाचावी तसं. आईने आदल्या रात्रीपासून झोप टाकली होती. काकी पाणी प्यायल्या, पदर सारखा केला आणि उठल्या.

“मागची बाजू बघू या का?”

आई पुढे, काकी मागे, त्यांच्यामागे अक्का आणि सारिका. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबलो. आईने ऐनवेळी स्वतःच्या डोक्याने एक भर घातली होती. गरम पाण्याची सोय दिसावी म्हणून तिने बंब पेटवून ठेवला होता. काकींनी दार उघडलं, दिव्याची माळ लावली, नळ सोडून बघितला, आरशात बघून कपाळावरची टिकली नीट केली. मग चकाकणाऱ्या बंबावरून बोट फिरवलं.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “हॉटेलात आल्यासारखं वाटतंय की.”

आईचे डोळे भरून आले. तिने घाईने तोंड फिरवलं आणि पोह्यांच्या कढईकडे गेली. बाहेरच्या खोलीत शामरावांनी मला डोळा मारला. काकींनी येऊन मान हलवली, तसे काका मांडीवर थाप मारून म्हणाले, “मग काय शामराव, एप्रिलमधला एखादा मुहूर्त बघू. उगीच लांबवायचं कशाला?”

एवढ्या वर्षांत आमच्या घरात मुहूर्त हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

“मी जरा तोंड धुऊन येते,” सारिका म्हणाली आणि उठून मागे गेली.

पोहे झाले, चहा झाला. सारिका येईना. काकी जाऊन आल्या नि घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, “अहो, कडी अडकलीय म्हणं आतनं. पोरगी अडकून पडलीय!”

आई मटकन खाली बसली. “नवी कडी हो. मेल्या नव्या कडीनंच घात केला.”

“काही न्हाई, मी बघतो,” मी म्हणालो आणि पेचकस घेऊन परसात धावलो. काकी माझ्यामागे यायला निघाल्या, पण शामराव खाकरले. “ऱ्हाऊ द्या वैनी. पोरंपोरी बोलतील जरा. गच्चीवर नाहीतर दारातनं, बोलणं झालं म्हंजे झालं.” सगळे हसले. आईने त्यांना धान्याची कणगी आणि देवघर दाखवायला नेलं. पोरगी न्हाणीत कोंडलेली असताना कणगी दाखवण्याचं धैर्य फक्त माझ्या आईकडेच होतं.

मी दारावर टकटक केली. “घाबरू नका. मी उत्तम बोलतोय. दोन मिनिटांत काढतो.”

मी कडीच्या बाजूला कान लावला.

“कडी जरा वर उचलून बाजूला ओढून बघा.”

“कडी अडकलेली नाही,” ती आतून म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “मीच लावलीय.”

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “म्हणजे?”

“म्हणजे मीच लावून घेतलीय. तुम्ही मोठ्यानं बोलू नका.”

मी तिथे पालथी पडलेली बादली ओढली आणि तिच्यावर बसलो.

“तुम्ही नको म्हणून सांगा,” ती म्हणाली.

“मी?”

“हां. मुलगी पसंत नाही म्हणा.”

“अहो, पण का? माझ्यात काही…”

“तुमच्यात काही वाईट नाही. बरेच वाटता. पण मला नकोय.”

“मग तुम्ही सांगा की.”

“सांगितलं. मागच्या वेळंला पण सांगितलं होतं. मी नको म्हटलं की नखरे. मग काका आठ-आठ दिवस बोलत नाहीत, काकी रडते, आईबाप असते तर असं केलं असतंस का म्हणते. कॉलेजला जाणं बंद केलं होतं त्यांनी. मुलगा नको म्हणाला की मात्र कुणी काही म्हणत नाही. नशीब म्हणतात नि गप्प बसतात.” ती थांबली. “मे महिन्यात माझी शेवटची परीक्षा आहे. एप्रिलमध्ये उजवायचंय त्यांना मला.”

मला एकदम हायसं वाटलं. एवढंच होतं तर! “मग लग्नानंतर द्या की परीक्षा. मी पाठवीन तुम्हाला. स्वतः मोटरसायकलवरनं कोल्हापूरला सोडीन. शपथेवर सांगतो.”

“सोडाल हो,” ती म्हणाली. “तुमच्या आवाजावरनं वाटतंय, सोडाल. पण तेवढ्यासाठी लग्न कोण करतं?”

“दुसरं कुणी हाय का?”

आत ती हसली असावी, पण ते हसणं मला आवडलं नाही. “सगळे हेच विचारतात. दुसरं कुणी असलं म्हणजेच नको म्हणता येतं का? मला नकोय, एवढं पुरत नाही का?”

आतून कसलासा फडफडल्यासारखा आवाज आला.

“काय झालं?”

“तुमचा संगमरवर सुटायला लागलाय. वाफेनं.”

मी डोक्याला हात लावला. पाच-सहा दिवस आत पाण्याची एक चूळ टाकली नव्हती कुणी. नाहीतर पहिल्या आंघोळीलाच कळलं असतं.

“मी मघापासनं एक हात लावून उभी आहे,” ती म्हणाली. “वरच्या कोपऱ्याला साबण लावून चिकटवून बघितला. जरा धरलाय.”

“कशाला धरताय? सोडा की. तुम्हाला तर बरंच झालं. काकींना दाखवा, म्हणावं बघा, सगळं खोटं हाय. मोडलं लग्न.”

“मोडलं असतं,” ती म्हणाली. “पण तुमच्या आई मघाशी काकीच्या मागं उभ्या होत्या. त्यांचं तोंड बघितलं मी. काकीला असलं बाथरूम कशाला लागतं माहितीये? उद्या भावकीत सांगायला. बिनआईबापाची पोर असून बघा केवढ्या घरात दिली. त्यासाठी तुमच्या आईंना का म्हणून खाली बघायला लावायचं?”

हे ऐकून मला काय झालं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढ्या स्थळांतून मी फिरलो, पण माझ्या आईच्या तोंडाकडे बघणारी माणसं मला भेटली नव्हती. आणि मला त्या क्षणी ती हवीशी झाली. आधी मला नुसतं लग्न हवं होतं, बायको कुणीही चालली असती. आता हीच पाहिजे होती. दाराच्या त्या बाजूला, एका हाताने माझी भिंत सावरून धरणारी.

“असं करू नका हो,” मी म्हणालो. “माझ्या आईनं ह्या न्हाणीपायी हाताची सालं काढल्यात. पुन्हा कुणी येणार न्हाई आमच्याकडं. शामरावसुद्धा शेवटचं म्हणून आलेत. तुम्ही म्हणाल तसं राहा. नोकरी करा. कोल्हापूरला राहायचं म्हणाला तर दुकान तिकडं हलवतो. एकदा हो म्हणा. मी हात जोडतो.”

आत कागद फडफडला आणि तिने तो दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “मी पण हातच जोडलेत. एकच मोकळा आहे म्हणून दिसत नाही.”

माझ्या हातात पेचकस होता. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, बिजागऱ्या बाहेरून, मीच बसवलेल्या. स्क्रू काढले की दार कडीसकट हातात. मग काकी धावत येतील, पोरीला जवळ घेतील, सगळे म्हणतील कडी वाईट होती, आणि एप्रिलचा मुहूर्त जागच्या जागी राहील. तिला तोंड उघडायची सोय उरणार नाही. मी उठलो आणि वरच्या बिजागरीचा एक स्क्रू फिरवला. तो सैल झाला. आत तिला तो आवाज ऐकू गेला असणार, कारण ती अगदी हळू म्हणाली, “नका ना.”

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही.

मी स्क्रू परत आवळला. नीट, शेवटपर्यंत आवळला. मग दाराला कपाळ टेकवून म्हणालो, “लगेच बाहेर येऊ नका. मी आधी आत जाऊन बोलतो. मग या.”

बाहेरच्या खोलीत सगळे जमले होते. आईच्या हातात लाडवांचं ताट होतं. गोड झाल्याशिवाय माणसं जाऊ द्यायची नाहीत, असा तिचा बेत.

“निघाली का कडी?” काका म्हणाले.

“निघतीय,” मी म्हणालो. “पण मला हे स्थळ जमत न्हाई.”

शामरावांनी चहाचा कप खाली ठेवला. काकी उभ्या राहिल्या. “जमत नाही म्हणजे? काय कमी आहे आमच्या पोरीत?”

मी याचा विचारच केला नव्हता. काय सांगावं? रंग म्हणावा तर तो डाग तिच्यावर राहणार. शिक्षण म्हणावं तर घरी जाऊन हे लोक तिची परीक्षा बंद करणार. तिच्यात काही काढलं की ते तिला चिकटणार होतं. म्हणून जगात जे एकच कारण सगळ्यांना पटतं, ते मी स्वतःला लावून घेतलं.

“पोरीत काही कमी न्हाई,” मी म्हणालो. “माझं मन दुसरीकडं हाय.”

आईच्या हातातलं ताट तिरकं झालं आणि लाडू जमिनीवर घरंगळले. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

“मग आम्हाला इथवर बोलावलंत कशाला?” काका ओरडले. “शामराव, ही कसली माणसं दाखवलीत?” काकींनी मला जे जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. एवढ्यात मागून सारिका आली. तोंड धुतलेलं, पदर ओला. ती माझ्याजवळून गेली, माझ्याकडे बघितलं नाही, ते बरोबरच होतं. दारातून मागे वळून ती आईला म्हणाली, “येते, मावशी. तुमचा बंब फार सुंदर आहे.”

ती गेली. गाडीचा आवाज कोपऱ्यापलीकडे विरेपर्यंत आई तशीच उभी होती. मग तिने माझ्या दंडाला धरलं आणि गदागदा हलवलं. “कोण हाय ती? सांग, कोण हाय? मग आदी का न्हाई बोललास, मुडद्या? माझं हात बघ. बघ माझं हात!” चिंचेने आणि सोड्याने तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मी बघितलं.

मला वाटलं होतं, चार दिवसांत निवळेल. पण शामरावांनी गावभर केलं आणि माझ्या नावापुढची स्थळं तिथेच संपली. ज्याचं बाहेर आहे, त्याला कोण मुलगी देणार? अक्काने कितीतरी दिवस माझा फोन घेतला नाही. आणि आई? ती त्या बाईची वाट बघायला लागली. आधी रागाने, मग काकुळतीने. “कुठल्या का जातीची असंना, घिऊन ये,” असं जेवताना म्हणायची. “नवरा टाकलेली हाय का? पोरबाळ हाय? असू दे. घर हाय आपलं.” मी दुकानात असलो की काहीतरी निमित्त काढून यायची आणि मिक्सर दुरुस्तीला आणणाऱ्या बायकांकडे एकटक बघत बसायची. एकदा एका शिक्षिकेला तिने घरी चहाला यायचं आमंत्रणही देऊन टाकलं. न्हाणीतला कागद सुटला की ती कणकेची खळ करून परत चिकटवायची. ती बाई कधी तरी येणार आणि तिने नाक मुरडू नये, यासाठी. मला दर वेळी वाटायचं, सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर आईने तडक कागल गाठलं असतं.

सारिकाने मे महिन्यात परीक्षा दिली, असं दसऱ्याच्या सुमारास उडत उडत कानावर आलं. पुढचं काही कळलं नाही, मी विचारलंही नाही.

मग दिवाळी आली. पहिल्या आंघोळीला आईने बंब पेटवला, पाटाभोवती रांगोळी काढली आणि मला पाटावर बसवलं. एवढा बाप्या झालो तरी आमच्याकडे आईच तेल लावते. तिने पाठीला तेल चोळलं, उटणं लावलं. भिंतीवरचा कागद वाफेने पुन्हा फुगला होता. तिने सवयीने एक हात वर करून तो दाबला.

“वाटलं हुतं, औंदा ह्ये काम तुझी बायकू करील,” ती म्हणाली. “आता तरी सांग. कोण हाय ती?”

तिचा हात माझ्या पाठीवर होता. त्या हाताला खोटं सांगणं आता होईना.

“कुणी न्हाई, आई. कुणीच नव्हतं.”

“मग?”

“त्या पोरीला नको हुतं. घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं. आतनं कडी लावून बसली हुती. मला म्हणाली, तुम्ही नको म्हणा.”

पाठीवरचा हात थांबला. मी वाट बघत राहिलो. शिव्या घालेल, रडेल, पाठीत धपाटा घालेल, काहीही करेल असं वाटलं. मी वळून बघितलं तर ती दाराशी उभी राहून त्या पितळी कडीला बोट लावून चाचपत होती.

“मी ह्या घरात आलो तवा,” ती म्हणाली, “ह्या न्हाणीला आतनं कडी नव्हती.”

मग तिने तांब्या बुडवला आणि माझ्या डोक्यावर गरम पाणी ओतलं.